न छापलेली नियमावली

आमच्या शेजारच्या काकूंकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो आणि दरवर्षी त्या आईसाठी वाटीभर शिरा आणून देतात, केळं घातलेला, तुपाने चकचकणारा. आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, तिने या शिऱ्याचा कधी धार्मिक वगैरे विचारच केला नव्हता. शिरा खायचा, वाटी घासून ठेवायची, आणि नाताळात तीच वाटी करंज्या भरून परत द्यायची, कारण भांडं रिकामं परत देत नाहीत, मधे चार महिने वाटी आमच्याकडेच. मग दोनेक वर्षांपूर्वी ती चर्चसोबत संध्याकाळी एका फेलोशिपलाही जायला लागली. तिथल्या ब्रदरनी पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे क्रीड नाही, म्हणजे लिहून काढलेला विश्वासांगीकार नाही, घटना नाही, बिशप नाही, डिनॉमिनेशन नाही, फक्त बायबल. मला ऐकून खरं तर बरं वाटलं होतं.

सहा महिन्यांत आईला समजलं की प्रसाद चालत नाही, टिकली चालत नाही, सोनं नको, आणि क्रॉस ओवलेलं मंगळसूत्रसुद्धा "प्रार्थना करून विचार करा ताई" या सदरात. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे विचारायची सोयच नाही, कारण विचारलं की उत्तर येतं, आमचा नियम कुठे आहे, हे तर वचन आहे.

तर मूळ प्रश्न हा, की चर्चने पवित्र शास्त्राच्या पलीकडे काही लिहून काढावं का. विश्वासांगीकार म्हणा, कबुलीजबाब म्हणा, घटना-नियमावली म्हणा. 'बायबल पुरेसं आहे' हे वाक्य ऐकायला इतकं पवित्र वाटतं की त्याविरुद्ध बोलणारा माणूस आपोआप परुश्यांच्या, म्हणजे बायबलमधल्या नियमांवर बोट ठेवणाऱ्यांच्या, रांगेत जाऊन उभा राहतो. मी त्या रांगेत उभं राहून सांगतो की लिहा, पण थोडं लिहा, आणि जे लिहाल त्यातलं विश्वास कोणता आणि व्यवस्था कोणती हे दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा. न लिहिणारं चर्च मला तरी अजून कुठे सापडलेलं नाही, ते फक्त छापत नाहीत.

प्रसादाचंच घ्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरते, परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती व्हायचं तर सुंता करावी का यावर भांडण होतं, आणि शेवटी पत्र लिहून कळवतात की सुंता नको पण मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, रक्त खाऊ नका, गुदमरवून मारलेलं खाऊ नका आणि जारकर्म टाळा. झालं, स्पष्ट. पण पौल करिंथकरांना लिहिताना म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही, बाजारात जे मिळतं ते विचारत न बसता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, फक्त कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्या सांगणाऱ्याखातर खाऊ नका. आता काकू वाटी देताना "प्रसाद आहे हो" म्हणतात की नुसतंच "शिरा आहे" म्हणतात यावर आईचं तारण, म्हणजे उद्धार, लोंबकळत ठेवायचं का! आणि रक्ताचं म्हणाल तर आमच्या गावाकडे बोकड कापला की रक्ती परतली जाते आणि जेवणाआधीची प्रार्थना म्हणूनच खाल्ली जाते, त्यावर ब्रदर काही बोललेले माझ्या कानावर आलं नाही. म्हणजे एकाच वचनातलं एक पकडलं, एक सोडलं, हे कोणीतरी ठरवलंच ना? ठरवणाऱ्याचं नाव आणि ठरवल्याची तारीख तेवढी कळायला हवी, एवढीच माझी मागणी आहे.

'क्रीड नको' म्हणणाऱ्यांची सगळ्यात प्रामाणिक चळवळ अमेरिकेत झाली आणि तिची कळकळ मला मनापासून पटते. थॉमस कॅम्बेल हा आयर्लंडहून १८०७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आलेला प्रेस्बिटेरियन पाळक. त्याच्या पंथाचं नाव बघा, अँटी-बर्गर सिसीडर. स्कॉटलंडमधल्या काही शहरांत नागरिक होताना एक शपथ घ्यावी लागे, ती ख्रिस्ती माणसाने घ्यावी का यावर १७४७ मध्ये हे लोक फुटले होते. ती शपथ आयर्लंडमध्ये नव्हतीच, तरी आयर्लंडमध्ये दोन तट, आणि तेच तट पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेच्या जंगलात. कॅम्बेलने तिथे आपल्या पंथाबाहेरच्या लोकांनाही प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकरी आणि द्राक्षारस, दिलं म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. त्याचा मुलगा अलेक्झांडर तेव्हा ग्लासगोत होता. तिकडे वडीलमंडळी तुमची श्रद्धा तपासून तुम्हाला एक छोटं टोकन द्यायची, ते दाखवलं तरच प्रभुभोजन. पोराने परीक्षा दिली, पास झाला, टोकन मिळवलं, आणि ऐन वेळी टोकन परत टाकून भोजन न घेताच बाहेर पडला. पवित्र भाकरीला रेशनकार्ड लावणं त्याला सहन झालं नाही, आणि मी तिथे असतो तर मलाही झालं नसतं.

तर या बापलेकांनी ठरवलं की माणसाने लिहिलेली सगळी क्रीडं बाजूला ठेवायची, जिथे शास्त्र बोलतं तिथे बोलायचं, जिथे शास्त्र गप्प तिथे गप्प बसायचं. १८०९ चा त्यांचा जाहीरनामा ख्रिस्ती ऐक्यासाठी होता. आणि मग काय झालं, तर पन्नासेक वर्षांत भांडण लागलं पेटीवरून. केंटकीतल्या मिडवे गावात १८६० च्या आसपास मंडळीचं गाणं इतकं बेसूर व्हायला लागलं की कोणीतरी मेलोडियन आणून ठेवला, हा आपल्या बाजाच्या पेटीचा पायाने भाता मारायचा भाऊ. नव्या करारात मंडळीने उपासनेत वाद्य वाजवल्याचा उल्लेख नाही. एक गट म्हणाला शास्त्र गप्प आहे म्हणजे मोकळीक आहे, दुसरा म्हणाला गप्प आहे म्हणजे मनाई आहे. एका रात्री कोणीतरी पेटी खिडकीतून बाहेर काढून नेली अशी गोष्ट तिकडे सांगतात. १९०६ च्या अमेरिकन धार्मिक जनगणनेत पेटी नको म्हणणारा चर्चेस ऑफ ख्राइस्ट हा वेगळा गट म्हणून मोजला गेला. फुटायला कारणं आणखीही होती, यादवी युद्धाने दक्षिण-उत्तर दरी पडली होतीच, पण ज्यांनी क्रीड जाळलं त्यांच्याकडे 'गप्प' या एका शब्दाचा अर्थ ठरवायला काहीच उरलं नव्हतं, ना सभा ना कागद. मग अर्थ ठरवणार कोण, तर पत्रिकांचे संपादक आणि जोरात बोलणारे वडील.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. याच परंपरेतले ऑस्ट्रेलियन मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामती-श्रीगोंद्याकडे आले, आणि तिथल्या आपल्या लोकांना स्कॉटलंडची शपथ, केंटकीची पेटी यातलं काय माहीत असणार. पेटी-तबल्याशिवाय आमचं भजन सुरूच होत नाही. बाकी नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला अभंग दिले तेव्हा कोणी 'हे नव्या करारात दाखवा' म्हणत अडून बसलं असतं तर आज आम्ही अजूनही भाषांतरित इंग्रजी चाली ओढत बसलो असतो.

आता दुसरी बाजू, क्रीड जास्त झाल्याची, आणि ती मला जास्त लागते कारण त्यात नगर आहे. रॉबर्ट ह्यूम हे १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले, अमेरिकन मराठी मिशनचे, १८७४ पासून नगरला. त्यांनीच तिथे पाळक तयार करायची शाळा काढली. हे मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र, कागदावर तरी सगळ्यात मोकळी माणसं. पण त्यांचं अँडोव्हर नावाचं जे धर्मविद्यालय मॅसॅच्युसेट्समध्ये १८०८ पासून चालू होतं तिथे प्राध्यापकांनी एका लांबलचक क्रीडवर सही करायची आणि दर पाच वर्षांनी परत करायची, आणि संस्थापकांनी लिहून ठेवलेलं की यातला एकही शब्द कधीही बदलायचा नाही. १८८० च्या दशकात तिथल्या काही प्राध्यापकांनी प्रश्न काढला, की ज्यांनी ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही आणि जे मरून गेले त्यांचं काय, त्यांना मेल्यानंतर एखादी संधी असेल का. झालं, पाच प्राध्यापकांवर खटला.

ह्यूम त्याच सुमारास सुट्टीवर तिकडे होते. १८८६ मध्ये त्यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेत या विचाराच्या बाजूने बोलून टाकलं आणि बॉस्टनच्या मिशन बोर्डाने त्यांचं हिंदुस्थानात परतणंच रोखून धरलं. बरीच ओढाताण होऊन १८८७ मध्ये ते परत आले. बोर्डातल्या लोकांसाठी ही तत्त्वज्ञानाची भानगड होती. पण बारा वर्षं नगरच्या खेड्यांत फिरलेल्या माणसाला हा प्रश्न किती वेळा कोणी विचारला असेल याची कल्पना करा, साहेब माझा बाप गेला हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, तो कुठाय? जिथे दरवर्षी पितरांना पान वाढतात त्या मुलखात बाप्तिस्मा घ्यायला उभा असलेला माणूस दुसरं काय विचारणार. आणि याचं उत्तर कोण देणार, तर ज्याच्या सात पिढ्या चर्चच्या आवारातच पुरल्यात असा बॉस्टनचा माणूस. शास्त्रात या प्रश्नावर जेवढं आहे ते मोजकं आहे आणि त्याचे दोन्हीकडून अर्थ लागतात, मग जिथे शास्त्र मोजकं बोललं तिथे लांब बोलून वर त्यावर सह्या मागायच्या, याला मी क्रीडचा माज म्हणतो. पंडिता रमाबाईंनी हेच जरा आधी ओळखलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती तोवर तिथल्या मठातल्या सिस्टरला त्यांनी कळवलं की एका पुरोहितशाहीचं जोखड मी नुकतंच कसंबसं मानेवरून काढलंय, तसलंच दुसरं घेणार नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, हेही त्यांनी विचारलं होतं.

मग मी क्रीडच्या बाजूचा कसा? तर निकेयाला भरलेल्या बिशपांच्या सभेमुळे. इ.स. ३२५, आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. एरियस नावाच्या पाळकाचं म्हणणं होतं की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हता. सभेतल्या लोकांनी आधी शास्त्रातलेच शब्द वापरून बघितले, देवापासूनचा, देवाचं सामर्थ्य, देवाची प्रतिमा असे. सभेला हजर असलेल्या अथनेशियसने नंतर लिहून ठेवलंय की प्रत्येक शब्दाला एरियसच्या बाजूची मंडळी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होती, की हेही चालेल, याचाही अर्थ आपल्या सोयीने लागतो. म्हणून शेवटी 'पित्याशी एकाच तत्त्वाचा' हा ग्रीक शब्द घातला गेला जो शास्त्रात कुठेच नाही, आणि कित्येक बिशपांना तो खटकतही होता. हा प्रसंग मला फार ओळखीचा वाटतो. कुठल्याही कमिटीत बसलेल्या माणसाला माहितीये की सगळ्यांना मान्य होणारं वाक्य म्हणजे बहुतेक वेळा कोणीच काही न म्हणणारं वाक्य. दोन्ही बाजू तेच पुस्तक छातीशी धरून उभ्या असतील तर 'पुस्तक वाचा' हे उत्तर होत नाही, या वाक्याने तुला काय म्हणायचंय ते तुझ्या शब्दांत सांग, असं विचारावं लागतं. क्रीड म्हणजे हे विचारणं.

आणि गंमत पुढे आहे. त्याच निकेयाच्या सभेने २० नियमही केले. त्यातला शेवटचा असा की रविवारी गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहूनच प्रार्थना करायची. आज आमच्याकडे रविवारी निम्मं चर्च गुडघ्यावर असतं आणि कोणालाही त्याचं काही वाटत नाही, वाटूही नये. तीच माणसं, तोच उन्हाळा, तीच सभा, त्यातला विश्वासांगीकार (३८१ मध्ये वाढवून) १७०० वर्षं टिकला आणि गुडघ्याचा नियम आमच्याकडे तरी कधीच गळून पडला. याच्यात सगळं आलं असं मला वाटतं. सगळी चूक होते ती गुडघ्याचा नियम उचलून विश्वासाच्या कप्प्यात ठेवला की. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांचं बघा. क्रीड नको म्हणणारेच लोक, १९२५ मध्ये विश्वासाचं निवेदन केलं तेव्हा वर स्पष्ट लिहिलं की हे फक्त मार्गदर्शन आहे, कोणाच्या विवेकावर याचा अधिकार नाही. २००० मध्ये त्यात पास्टर पुरुषच असावा हे घातलं, आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक, बाईला पास्टर केलं म्हणून बाहेर. मार्गदर्शनाची पाटी आणि दाराची कडी यात शंभर वर्षांचंही अंतर राहिलं नाही.

उलट बाजूने कोणी सॉल्टर्स हॉलचं उदाहरण देईल ते मान्य करतो. लंडनमध्ये १७१९ ला पाळकांनी मतदान घेतलं, त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीच्या, मानवी शब्दांतल्या विधानावर सही सक्तीची करायची का, आणि ५७ विरुद्ध ५३ ने नको ठरलं. पुढे सही न करणाऱ्यांच्या बऱ्याच मंडळ्या त्रैक्य सोडून गेल्या. खरंय. पण सही असलेल्या इंग्लंडच्या चर्चमध्येही सही करून मनात भलतंच मानणारे कमी नव्हते, सहीने माणूस धरून ठेवता येत नाही, फार तर त्याचा पगार धरून ठेवता येतो.

नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा हा सगळा गुंता टेबलावर होता. बिशपवाले अँग्लिकन, बाळांचा बाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्ट आणि कॅम्बेलच्याच परंपरेतले, क्रीड न मानणारे डिसायपल्स, सगळे एका ताटात. प्रेषितांचा आणि निकेयाचा विश्वासांगीकार घेतला, आणि बाप्तिस्मा बाळाचाही चालेल, मोठेपणीचाही चालेल असं ठरवलं. विश्वास थोडा, मोकळीक जास्त, ही वाटणी मला आजही शहाणपणाची वाटते. आम्ही भांडलो ते भलतीकडेच. जमिनी. गुजरातेतल्या चर्च ऑफ द ब्रेदरनच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी, कोर्टाने सांगितलं की १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला ट्रस्ट नुसत्या ठरावाने विलीन होत नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. ज्यांना वाटतं की चर्चला बायबलशिवाय कुठलंच पुस्तक नको त्यांनी एकदा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टमधल्या बदलाची नोंद करायचा अर्ज, घेऊन जावं, तिथे योहानाचं शुभवर्तमान चालत नाही. नियमावली तुम्ही केली नाही तर वकील करतो.

एवढं सगळं 'थोडं लिहा' म्हणून झाल्यावर मीच एक ओळ वाढवायला निघालोय, हसा हवं तर. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये ठराव केला की प्रभुभोजन खरं तर सगळ्यांनी एकत्रच घ्यावं, पण काहींच्या दुर्बळतेमुळे वेगळं घ्यायलाही हरकत नाही. नुसती सोय होती ती, गोऱ्यांच्या 'दुर्बळते'ची. त्या सोयीची पुढे वेगळी चर्चेस झाली आणि मग त्याला शास्त्राधारही सापडला. शेवटी १९८६ मध्ये त्यांच्याच 'रंगीत', म्हणजे मिश्रवंशीय, लोकांच्या चर्चने बेलहारचा कबुलीजबाब स्वीकारून सांगितलं की माणसं वंशावरून वेगळी करणं हा शुभवर्तमानाशी द्रोह आहे. बायबल तर दोन्ही चर्चमध्ये तेच होतं, कदाचित छापखानाही एकच. आमच्याकडे जातीबद्दल असा कागद आमच्या रविवारच्या उपासनेत येत नाही. लग्नं जुळवताना "मूळचे कुठले" या प्रश्नाचा अर्थ मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो, दफनभूमीच्या गोष्टी वेगळ्याच, आणि तरी दर रविवारी आपण 'एकच पवित्र मंडळी' म्हणून खाली बसतो. ही न छापलेली नियमावली सगळ्यात जुनी, तिला ना सभा ना तारीख. तिच्यासमोर एक छापील ओळ असावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी, पाळकाच्या दीक्षेच्या वेळी, आणि हो, कमिटीच्या निवडणुकीला उभं राहताना ती मोठ्याने म्हणायला लावावी, यासाठी मी विश्वासाच्या कप्प्यात जागा करायला तयार आहे. प्रसाद, टिकली, पेटी, गुडघे यांना तिथे जागा नाही. ते नियमावलीत टाका, खाली तारीख घाला, दर काही वर्षांनी मंडळीसमोर वाचा, बदला.

वाचण्यावरून आठवलं. मागच्या वार्षिक सभेच्या आधी मी आमच्या चर्चच्या सेक्रेटरींकडे घटनेची प्रत मागितली. कपाटात आहे म्हणाले. किल्ली जुन्या खजिनदारांकडे. खजिनदार म्हणाले अहो ती टाइप केलेली आहे, पानं सुटलीत, तुम्हाला कशाला पाहिजे, कोणी काही बोललंय का? म्हटलं नाही, नुसतीच वाचायचीये. त्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला निकेयातले ते डोळे मिचकावणारे आठवले. झेरॉक्स अजून मिळालेली नाही. आईने फेलोशिप सोडलेली नाही, तिला तिथलं गाणं आवडतं. शिऱ्याची वाटी या श्रावणातही आली, तिने घेतली, आणि ब्रदरना सांगू नको म्हणाली.